फाईल आपल्याच हातात: अप्लास्टिक ॲनिमियाच्या उपचारांत असलेल्या तरुणांसाठी

पहिल्याच ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, "पाळी किती दिवस चालते?" आणि उत्तर दिलं बाबांनी. "नॉर्मल." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत असणार! मी मान खाली घालून बसले आणि केसपेपरवर 'नॉर्मल' लिहिलं गेलं. त्या दिवशी माझा अकरावा दिवस चालू होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. गोव्यात डिचोलीहून रोज कदंब बसने पणजीला जाऊन नोकरी करणारी. आजार कळला आणि आठवड्याभरात मी पुन्हा बारा वर्षांची झाले. फाईल बाबांच्या काखेत, गोळ्या आईच्या डब्यात, निर्णय मुंबईच्या काकांच्या फोनवर. माया सगळ्यांचीच होती, पण हिरडीतून कधी रक्त आलं, ताप कधी चढला, गोळी कधी चुकली हे फक्त मला ठाऊक होतं. महिन्याभराने मी फाईल मागून घेतली. त्यानंतर जे जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

आधी आजार आणि चार आकडे

हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त तयार होतं. अप्लास्टिक ॲनिमियात बहुतेक वेळा शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच मज्जेतल्या मूळ पेशींवर उलटते. मज्जा रिकामी होत जाते, तिथे चरबी भरते आणि लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं तिन्ही उतरतं. हा कॅन्सर नव्हे आणि संसर्गजन्य तर मुळीच नव्हे. आमच्या वाड्यावर दोन्ही अफवा एकाच दिवशी फिरल्या.

निदान सीबीसीने, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीने, सुरू होतं आणि कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढून पक्कं होतं. ती जागा बधिर करतात. तरी मज्जा ओढताना पायापर्यंत एक विचित्र कळ जाते. अर्ध्या मिनिटाची असते, मोठ्याने 'आई गं' म्हणायला हरकत नाही.

मग चार आकडे पाठ करा: हिमोग्लोबिन, एकूण पांढऱ्या पेशी, एएनसी आणि प्लेटलेट (आपल्याकडे सगळे नुसतं 'पेशी' म्हणतात). एएनसी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलची खरी संख्या. बऱ्याच रिपोर्टवर ती छापलेलीच नसते, तेव्हा स्वतः काढा. एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के असतील तर १,८०० गुणिले २२, भागिले १००, म्हणजे ३९६. एएनसी ५००च्या खाली, प्लेटलेट २०,०००च्या खाली आणि नव्या लाल पेशीही घटलेल्या, यांतल्या दोन गोष्टी लागू झाल्या आणि मज्जा रिकामी दिसली की आजार 'तीव्र' धरतात. एएनसी २००च्याही खाली गेली तर 'अतितीव्र'.

दोनशे पानी वही घ्या. डावीकडे तारीख, पुढे हे चार आकडे, मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), यकृताच्या तपासण्या, त्या दिवशी काय चढवलं, आणि शेवटचा रकाना मोठा: 'मला काय झालं'. या शेवटच्या रकान्याने माझ्या बाबतीत रिपोर्टइतकंच काम केलं. चाचणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. दोन लॅबमधल्या पेशींची तुलना करून आमच्या घरात एकदा विनाकारण रडारड झाली आहे.

पहिल्या पंधरा दिवसांत

भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे मज्जा जुळते का ते बघणारी चाचणी, लगेच करून घ्या. वय चाळिशीच्या आत असेल आणि सख्खं भावंड पूर्ण जुळत असेल, तर तीव्र आजारात मज्जा प्रत्यारोपण हा पहिला पर्याय असतो. प्रत्येक सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. माझा दादा अर्धाच जुळला आणि तीन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, जणू त्यानेच काही गुन्हा केला होता. भावंड जुळलं नाही तर डॉक्टर दात्रीसारख्या मज्जादात्यांच्या नोंदणी संस्थांमध्ये शोध घ्यायला सांगतात, किंवा एटीजी या औषधाकडे वळतात (त्याबद्दल पुढे). माझी वाट एटीजीची होती.

हे होईपर्यंत एक पथ्य कडक: सख्ख्या भावंडांचं, आईवडिलांचं रक्त किंवा पेशी चढवून घेऊ नका. दादा बाहेर बाही वर करून तयारच होता. पण पुढे त्याचीच मज्जा घ्यायची वेळ आली असती तर माझ्या शरीराने ती नाकारण्याचा धोका त्या रक्ताने वाढला असता. जवळच्या माणसाला 'तुझं रक्त नको' म्हणणं अवघड जातं, म्हणून हे डॉक्टरांकडूनच सांगवून घ्या.

दुसरं पथ्य स्नायूतल्या इंजेक्शनचं. निदान होण्याआधी अंगदुखीसाठी घराजवळच्या एका दवाखान्यात मला कमरेत सुई टोचली. रात्रीपर्यंत तिथे नारळाच्या करवंटीएवढी काळीनिळी गाठ आली आणि मी दहा दिवस पालथी झोपले. पेशी कमी असताना स्नायूत इंजेक्शन नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नाही. ब्रश मऊ, पायांना वस्तऱ्याऐवजी ट्रिमर, शौचाला कुंथावं लागणार नाही इतकं पाणी. 'पेशी वाढतात' म्हणून पपईच्या पानांचा रस आणि कुठली कुठली गावठी औषधं हमखास घरी येतील. आणणाऱ्याचं मन मोडू नका, पण बाटली उघडूही नका. इथे अडचण कारखान्याचीच, म्हणजे मज्जेचीच, आहे आणि वर यकृताच्या तपासणीत घोळ होतो तो वेगळाच.

ताप: फक्त हे पाठ असलं तरी चालेल

एएनसी ५००च्या खाली असताना १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा आकडा घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. न्यूट्रोफिलच नसल्यामुळे पू होत नाही, घसा फारसा लाल होत नाही. बहुतेकदा ताप ही एकमेव खूण असते आणि काही तासांत माणूस कोसळू शकतो. रात्री दोन वाजता १००.४ दिसला तर:

१. ताप आणि वेळ वहीत लिहा. पॅरासिटामॉल घेऊ नका. ताप उतरला की सगळे निर्धास्त होतात आणि सकाळ होते.

२. ठरवून ठेवलेल्या नंबरवर फोन करा. फोन लागेपर्यंत कपडे बदला.

३. दाराशी टांगलेली पिशवी घ्या. तीत शेवटचे तीन रिपोर्ट, गोळ्यांची यादी, रक्तगटाचं कार्ड, विमा कार्ड, चार्जर, शाल.

४. घरची गाडी नसेल तर १०८. 'गाडी बघतो, शेजाऱ्याला उठवतो' यात अर्धा तास जातो.

५. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: "मला अप्लास्टिक ॲनिमिया आहे, एएनसी ५००च्या खाली आहे आणि ताप आला आहे." 'ताप आलाय' एवढंच म्हटलंत तर रांगेत बसवतील. रक्ताचे कल्चर घेऊन पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून सुरू व्हायला हवं. हे मी एका पुठ्ठ्यावर इंग्रजीत लिहून घेतलं होतं, खाली माझ्या डॉक्टरांचा नंबर. मध्यरात्री मला थंडीने बोलता येत नव्हतं तेव्हा आईने तो पुठ्ठा नुसता पुढे केला.

थर्मामीटर काखेत किंवा तोंडात, गुदद्वारात कधीच नाही. ताप नसतानाही थंडी वाजून अंग थडथडलं तर तेही तापासारखंच धरा. शिवाय डोकं फुटेल असं दुखणं, दिसायला अंधुक होणं आणि डांबरासारखी काळी शौच, या तिन्हींत फोनसुद्धा गाडीतूनच करायचा.

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नका, सगळे तेच सांगतील. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं दाबा. मध्येच सोडून 'थांबलं का' बघायचं नाही.

रक्त, पेशी आणि डोनरची यादी

लाल रक्ताची पिशवी थंड तापमानात महिनाभर टिकते. प्लेटलेट मात्र साधारण २२ अंशांवर, सतत हलत्या ठेवून, पाचच दिवस. म्हणून पेशींचा साठा करता येत नाही, माणसांचा करावा लागतो. एक लाल पिशवी हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढवते. मशीनवर एकाच दात्याकडून घेतलेल्या पेशींना एसडीपी म्हणतात. एक एसडीपी पेशी तीस ते पन्नास हजारांनी वाढवते, पण त्या अंगात तीन-चार दिवसच टिकतात. म्हणजे आठवड्याला एक किंवा दोन डोनर, कित्येक महिने.

माझी यादी दादाच्या व्हॉलीबॉल टीमपासून सुरू झाली. बारा नावं, पुढे रक्तगट, शेवटचं कधी दिलं, दिवसा येता येतं की नाही. एसडीपी दिलेला माणूस ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो, पण आठवड्यात दोनदाच आणि वर्षात २४ वेळाच. पूर्ण रक्त दिलं तर पुन्हा पूर्ण रक्त द्यायला पुरुषांना तीन महिने, स्त्रियांना चार महिने थांबावं लागतं, आणि एसडीपी द्यायलाही २८ दिवस. म्हणून एसडीपीच्या माणसांना शिबिरात रक्त देऊ नका असं आधीच सांगून ठेवा. मशीनवर तास-दीड तास जातो. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन नको, नवा टॅटू नको, आदल्या रात्रीची पार्टी नको. हे आधीच विचारा. बांबोळीच्या इस्पितळापर्यंत आलेल्या पोराला परत पाठवताना तोही ओशाळतो आणि आपणही.

यादी तुमच्या मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे सोपवा, आईकडे नको. आई प्रत्येकाला फोनवर सगळी कहाणी सांगते आणि दोन फोनांत थकते. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्याची सोय आधीच लावा. त्या दिवसांत अख्खा गोवा मूळ घरी गेलेला असतो, पणजीतला डोनर काणकोणात आरत्या म्हणत असतो.

पिशवी लावण्याआधी ती फिल्टर केलेली आणि किरणोत्सर्ग दिलेली आहे ना, हे नर्सला विचारा. पिशवीवरचं नाव आणि गट स्वतः वाचा. चढवताना अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली, पाठ दुखली तर 'थोडं होतंच' म्हणत बसू नका, लगेच हाक मारा. खूप पिशव्या झाल्या की शरीरात लोह साठतं. ते मोजणारी फेरिटिनची तपासणी कधी, हे वहीत लिहून ठेवा. आणि 'रक्त कमी आहे' म्हणून कोणी लोहाच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नका.

एटीजीचे चार दिवस

एटीजी हे घोड्याच्या रक्तातून काढलेलं प्रतिद्रव्य. मज्जेवर उठलेल्या रोगप्रतिकारक पेशींना ते गप्प करतं. आधी त्वचेवर चाचणी, मग मोठ्या शिरेतून रोज बरेच तास, सहसा चार दिवस. पहिल्या दिवशी ताप, हुडहुडी, चट्टे येतात. मला तीन चादरी पुरल्या नाहीत. ते सहसा पुढच्या दिवसांत कमी होतं. खरी फसगत घरी गेल्यावर होते: सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सांधे धरतात, पुरळ येतं, पुन्हा ताप येतो. याला सीरम सिकनेस म्हणतात आणि त्यासाठी स्टिरॉइड आधीच सुरू असतं. तरी तो ताप 'सीरमचाच असेल' हे घरी ठरवायचं नाही. वरची पाच कामं जशीच्या तशी.

सोबत न्यायच्या वस्तूंत लांब वायरचा चार्जर आणि पुढून बटणं असलेले कुर्ते. बाकी आई भरतेच.

गोळ्यांचं गणित

सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी, बारा-बारा तासांनी. माझी वेळ सकाळी आठ, रात्री आठ. रक्तातलं तिचं प्रमाण मोजायचं तेव्हा नमुना सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचा. मी पहिल्यांदा गोळी घेऊन गेले, आकडा भलताच वर आला आणि डोस कमी करण्यापर्यंत गोष्ट गेली. त्या दिवशी गोळी पर्समध्ये ठेवा, रक्त दिल्यावर तिथेच घ्या. या गोळीने रक्तदाब चढतो, क्रिएटिनिन वाढतं, हात थरथरतात, हिरड्या सुजतात, तोंडावर लव येते. शेवटच्या गोष्टीचं मला सगळ्यांत वाईट वाटलं आणि ते बोलायची लाज त्याहून जास्त. डोस उतरला की जाते.

पोटॅशियमही वाढतं. म्हणून 'आजाऱ्याला चांगलं' म्हणून रोज शहाळं पाजणाऱ्या आजीला रिपोर्ट दाखवून थांबवावं लागलं. ग्रेपफ्रूट आणि पपनस या गोळीचं प्रमाण वाढवतात, म्हणून गणपतीपुढचा पपनस दुसऱ्यांना. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधंही तेच करतात. दाताच्या डॉक्टरांपासून त्वचेच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना गोळ्यांची यादी आधी दाखवा.

एल्ट्रोम्बोपॅग (मज्जेला पेशी बनवायला चालना देणारी गोळी) असेल तर गंमत वेगळी. ती कॅल्शियमला चिकटते आणि वाया जाते. दूध, दही, ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियमच्या गोळ्या यांच्या चार तास नंतर किंवा दोन तास आधी घ्यायची. आमच्या घरी सकाळी नाचण्याचं तिझण, दुपारी काट्यासकट तारले मासे. कॅल्शियमच कॅल्शियम! शेवटी मी रात्रीचं जेवण साडेसातला आणि गोळी साडेअकराला असं बसवलं. यकृताच्या तपासण्या चुकवू नका.

घर, पावसाळा आणि चवथ

जून ते सप्टेंबर गोव्यातल्या घरात भिंतीला बुरशी धरतेच. एएनसी कमी असताना ती फुप्फुसात गेली तर प्रकरण जिवावर बेततं. माझी खोली पावसाच्या भिंतीपासून दूरची घेतली. भिंत पुसायची, जुनं कपाट उघडायचं, पालापाचोळा काढायचा, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत. कुंडीतली माती, तुळशीची आळी, शेतातलं पाणी यांत हात-पाय नाहीत. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-मातीतून होणारा ताप, आपल्याकडे परका नाही. मच्छरदाणी बारा महिने, कारण असल्या पेशी डेंगीला द्यायला कुठून आणायच्या!

जेवण ताजं आणि गरम. शीत-कडी, पेज, नीट तळलेला बांगडा, सगळं चालतं. अर्धवट शिजलेल्या तिसऱ्या, कालवं, रस्त्यावरची चिरलेली फळं, बर्फ, उघडी चटणी नको. विहिरीचं पाणी उकळूनच. फळं सोलता येतील अशी घ्या, केळं, संत्रं, आणि ती स्वतः सोला.

चवथीला मी आरतीला दारात मास्क लावून उभी राहिले. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला रानातून आणलेल्या फळापानांची ओल आणि बुरशी असते, म्हणून तिच्या खाली बसले नाही. तळलेल्या नेवऱ्या (करंज्या) मात्र गरम असतानाच हाणल्या. आरतीतल्या घुमट वाद्याच्या आवाजाने कुणाच्या पेशी उतरत नाहीत. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे जाळतात, तो धूर मात्र टाळा. भेटायला येणाऱ्यांची व्यवस्था पडवीत: सर्दीवाल्यांनी खिडकीतून, बाकीच्यांनी हात धुऊन. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

एकट्याने विचारायचे प्रश्न

दर ओपीडीत पाच मिनिटं एकटीने मागा. "बाबा, तुम्ही बाहेर बसा, मी बोलावते," हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं मी. बाबा गेले. थोडे रुसले, मग कॅन्टीनमधून चहा आणि पाव-भाजी घेऊन आले.

आत काय विचारायचं? पाळी थांबवण्याच्या गोळ्या मला चालतील का? पेशी कमी असताना पाळीतच माझं हिमोग्लोबिन दोनने उतरत होतं आणि तीन आठवडे कोणाला पत्ता नव्हता. प्रत्यारोपण ठरलं तर आधी वीर्य किंवा बीजांड साठवून ठेवायचं का? त्याआधीच्या औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, आणि हा प्रश्न नंतर विचारून उपयोग नाही. शरीरसंबंध, गर्भनिरोधन, दारू, झोप न येणं, सगळं इथेच. मनाने कुठलीही गोळी सुरू करू नका. फेणीचा एक घोटही 'औषध म्हणून' नाही.

पैसा, कागद, प्रवास

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते आजच बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ठरलेल्या इस्पितळात आपला उपचार बसतो का, हे भरती होण्याआधी विचारा. सरकारी इस्पितळात न मिळणाऱ्या उपचारासाठी आरोग्य खात्याची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. तिला रहिवासी दाखल्यापासून कागद लागतात, म्हणून एचएलएचा नमुना गेला त्याच दिवशी मामलेदार कचेरी गाठा. बेड मिळाल्यावर धावाधाव केली तर बेड जातो.

मुंबई किंवा वेल्लोरला जावं लागलं तर रेल्वेच्या सवलतीच्या यादीत अप्लास्टिक ॲनिमिया नावानिशी आहे: उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर, थ्री-टियर आणि टू-टियर एसीत तिकीट निम्म्यात. इस्पितळाचा सही-शिक्क्याचा ठराविक फॉर्म घेऊन काउंटरवर जा. खालचा बर्थ मागा, डब्यातही मास्क ठेवा.

नोकरीत एकाच माणसाला सगळं सांगा, लेखी रजा द्या. कॉलेजात असाल तर हजेरी पडण्याआधी विभागप्रमुखांना अर्ज. नंतर दयेवर राहावं लागतं.

वाट बघण्याचे महिने

एटीजीचा गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. पहिले दोन महिने वहीत काहीही हललं नाही. मग कधीतरी दोन रक्तपिशव्यांमधलं अंतर नऊ दिवसांचं बारा झालं, बाराचं अठरा. आकड्यांआधी हे अंतर बोलतं, ते मोजा. माझी एएनसी आधी चढली, पेशी सगळ्यांत शेवटी.

आकडे चढले की सायक्लोस्पोरिन सोडायची घाई होते. मलाही झाली. ती महिनोन्‌महिने सुरू राहते आणि मग हळूहळू, अगदी थोडी थोडी उतरवतात. डोस उतरवताना काही जणांचा आजार परततो. पुढेही वर्षानुवर्षं तपासणी चालते, कारण या मज्जेत पीएनएचसारखे (यात लाल पेशी रक्तातच फुटतात) दुसरे आजार उगवू शकतात. लघवी सकाळी कोकमाच्या सरबतासारखी लाल दिसली तर सांगायचं.

माझी सीबीसी आता तीन महिन्यांनी असते. दोन रिपोर्ट लागोपाठ खाली आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, असं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं आहे. गेल्या फेब्रुवारीत केला. आठवड्याने पुन्हा तपासलं, आकडे जागेवर होते; सर्दीने उतरले होते.